पाय टेकेपर्यंत

वांगणी स्टेशनाकडून वाडीला येणारा रस्ता डांबर सोडून मातीचा होतो, तिथून चंदरचं खाचर दिसायला लागतं, आणि दरवर्षी भातकापणी उरकली की संध्याकाळच्या वेळी त्या खाचरात पाखरांचा एक थवा निवांत चरताना दिसायचा. नवखा माणूस थबकून बघायचा. वाडीतला माणूस मात्र मान खाली घालून पुढे जायचा, कारण त्या थव्यातलं एकही पाखरू खरं नाही हे त्याला ठाऊक असायचं.

खरी असायची ती अडई. शीळ घालत उडणारं हे तपकिरी रानबदक दिवसभर तळ्यावर तरंगतं आणि उजेड मावळायला लागला की सांडलेलं भात वेचायला कापलेल्या शेतात उतरतं. ती धरायला बंदी आहे हे चंदरला माहीत होतं, जंगलखात्याच्या माणसांनाही माहीत होतं, आणि शनिवार-रविवार फार्महाऊसवर येऊन हळूच निरोप धाडणाऱ्यांनाही माहीत होतं. त्यामुळे या गोष्टीबद्दल मोठ्याने कोणी बोलत नसे. चंदर तर एरवीही फारसा बोलत नसे. त्याचं सगळं बोलणं त्याच्या हातांत होतं. दुकानातली रंगवलेली प्लास्टिकची बदकं त्याला परवडणारी नव्हती, आणि परवडली असती तरी ती उन्हात चमकतात म्हणून त्याने घेतली नसती. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांबाहेर कतरणीची पोती पडलेली असतात. त्यातलं एखादं तो उचलून आणी, कापड उलटं करून त्याची पोटं शिवी, आत पेंढा भरी, आणि सगळ्यांना चिखलात बुडवून वाळवी. मान मात्र जुन्या चपलेच्या तळाची. ती वाकवावी तशी वाकते, आणि वाकवली की तशीच राहते.

बसवण्याचे त्याचे नियम होते. माना खाली हव्यात, कारण खाली मान म्हणजे पोटभर दाणा आणि जिवाला घोर नाही. वर मान करून बसलेलं एखादंच, राखणीचं. वर माना जास्त झाल्या तर वरून बघणारा थवा बिचकतो. तोंडं सगळ्यांची वाऱ्याकडे. "पाखरं एकमेकांच्या तोंडाकडं बघत नाय बसत," तो म्हणायचा, "माणसं बसतात." आणि मध्ये एक जागा मोकळी सोडायची, अंगणासारखी. येणारं पाखरू तिथेच उतरतं, कारण आपल्या माणसांत आपल्यापुरती जागा उरलेली बघून कोणालाही उतरावंसं वाटतं. जाळं त्या जागेच्या कडेला पेंढ्याखाली लपवलेलं असायचं, आणि दोरी बांधाआडच्या आडोशात, चंदरच्या मुलाच्या हातात.

मुलगा प्रेम, त्याच्याहून धाकटी रविना. लहानपणी रविनालाही आडोशात बसायला मिळायचं, पण ती जात्याच भित्री. डोक्यावरून पंखांचा आवाज गेला की तिचं अंग आपोआप उडायचं, पेंढा खसखसायचा, आणि खाली झुकलेला थवा तसाच वर उचलला जायचा. प्रेम तिला दचकू म्हणायचा. दचकू आली, आता पाखरं थेट कर्जतला उतरतील, म्हणायचा. बा चिडत नसे. तो तिच्या पाठीवर हात ठेवून, ओठांतल्या ओठांत, तिला नाही तर प्रेमला सांगायचा, "पाय टेकू दे." पाखरू हवेत असेतो दोरी ओढायची नाही. एक पाय टेकला तरी नाही. दोन्ही टेकले, की मग.

गेल्या हंगामाच्या शेवटी प्रेमने दोरी सोडली. भांडण असं झालंच नाही. तो उभा राहिला आणि म्हणाला, "बा, ती आपली माणसं समजून उतरतात. मला आता ओढवत नाही." आणि बांधाबांधाने रस्त्याकडे चालत गेला. लख्ख संध्याकाळचा उजेड होता. चंदरने त्याला वळणापर्यंत जाताना पाहिलं, वळणावर बसलेल्या शेजारच्या बनूबाईने त्याला येताना पाहिलंच नाही. फोन बंद. बदलापूरला पोलिसांत तक्रार देऊन झाली, ज्या कंपनीत तो कामाला जायचा तिथे विचारून झालं, उल्हासनगरच्या इस्पितळांत, आणि मग जिथे विचारायला जीभ रेटत नाही तिथेही जाऊन झालं. चुलता भीमा पावसाळ्यापर्यंत फिरला. मग तोही यायचा थांबला, आणि प्रेमचं नाव घरात उच्चारताना आई, नवसी, आवाज इतका खाली आणायला लागली की ती कोणाला तरी झोपेतून उठवायला घाबरते आहे असं वाटावं.

रविना कॉलेजसाठी विठ्ठलवाडीला शीला आत्याकडे राहायची आणि शनिवारी घरी यायची. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी ती मातीच्या रस्त्याला लागली आणि तिला दिसलं की खाचरात यंदा पाखरं नाहीत. तिथे बा बसला होता, आई बसली होती, मध्ये ताटं होती. दोघं उघड्यावर कशाला जेवतायत, असं वाटून तिने हात हलवला. कोणी हात हलवला नाही. जवळ जाईतो तिचं लक्ष तिसऱ्या माणसाकडे गेलं नव्हतं. ती एक मुलगी होती, वाकलेल्या त्या दोघांच्या शेजारी मान ताठ वर करून बसलेली, आणि तिच्या अंगावर रविनाचा हिरवा कुर्ता होता.

रविना एवढ्या जोराने मागे सरली की तिचा पाय बांधावरून घसरला.

बा आडोशातून उठून आला. कतरण, पेंढा आणि चिखल, एवढंच होतं ते. माना चपलांच्या. त्याने तिला हाताला धरून उभं केलं, आणि तिने काही विचारायच्या आधी, मजुरी समजावून सांगावी इतक्या साध्या आवाजात सांगितलं, "लांबून बघणाऱ्याला काय लागतं गो? आपली माणसं खाली बसलेली दिसाय पायजेत. जेवताना दिसाय पायजेत. बाकीचं तो बघत नाय."

मध्ये एक जागा मोकळी होती. तिथे ताट मांडलेलं होतं.

"आणि माझी मान वर का?" तिने विचारलं. एवढंच तिला सुचलं.

"राखणीला कोण तरी लागतंय. दचकतीस तूच."

तिने आईशी बोलून पाहिलं. बाला डॉक्टरकडे न्यायला हवं, असं म्हणाली, उल्हासनगरला एक आहेत, कॉलेजच्या बाईंनी नाव दिलंय. नवसी चुलीपुढे बसून पोत्यातली कतरण निवडत होती, जाड वेगळी, पातळ वेगळी. ती म्हणाली की निदान त्याच्या हाताला काम लागलंय, आणि माझ्याही. बनूबाई पाण्याला जाताना कुंपणाशी थांबून रविनाला म्हणाली की तुझा बाप काय बुजगावणी करतो गो, माणसं पाखरं हाकायला करतात, हा बोलवायला करतो. हसली नाही मात्र. खाचराकडे पाठ होईल अशी उभी राहून बोलली.

त्या हंगामात अडया आल्याच नाहीत. सांडलेलं भात तसंच पडून होतं. चिमण्या नाहीत, बगळे नाहीत. शेजारच्या खाचरात गर्दी, आणि चंदरच्या खाचरावरून जाताना थवा बांधाच्या रेषेवर दुभंगायचा आणि पलीकडे जाऊन पुन्हा एक व्हायचा. हे रविनाने शनिवारमागून शनिवार पाहिलं, आणि पाखरांना माणसांची भीती वाटणारच, असं स्वतःला समजावलं. मग एकदा तिला दिसलं की हिरव्या कुर्त्याची मान खाली आली आहे. तिने विचारलं तेव्हा बा म्हणाला की वर मान बघून तो बिचकत असंल. आईने ताटातला भात बदलताना, जणू शेजारचं कोणी येऊन गेल्याचं सांगावं तसं सांगितलं, "काल बसला असंल कोण तरी. बघ ना, दबलंय." मोकळ्या जागेतली भाताची खुंटं खरंच एका बाजूला लवलेली होती. कुत्रं बसलं असेल. रविनाने खाली वाकून पाहिलं नाही. रात्री आत्याकडे अंथरुणावर पडल्यावर तिला कधीकधी वाटायचं की आपण इथे निजलो आहोत आणि तिकडेही उघड्यावर बसलो आहोत, आणि थंडी तिकडची वाजते आहे.

तरीही आशा ही वाईट असते. प्रेम येणार नाही हे तिला आता पक्कं कळलं होतं, आणि तरी मातीच्या रस्त्याला लागली की तिची नजर आधी त्या मोकळ्या जागेकडे जायची, ती रिकामी आहे ना हे बघायला, आणि रिकामी दिसली की जीव सुटायचा की तुटायचा ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

पौषात एका सकाळी बाचा फोन आला. तो कधी फोन करत नसे.

"आला," तो म्हणाला.

ती जिन्यात उभी होती, कॉलेजला निघालेली. कोण, असं तिने विचारलं नाही. फोन दे त्याच्याकडे, म्हणाली.

"जेवतोय."

"बा, एक मिनिट दे ना."

"तू ये," बा म्हणाला. "जेवायला ये."

दिवसभर तिने काय केलं ते तिला नंतर आठवलं नाही. शीला आत्याला तिने काही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर आत्याने चार प्रश्न विचारले असते आणि त्यातल्या एकाचंही उत्तर तिला नको होतं. वांगणीला उतरेतो ऊन कलंडलं होतं. मातीच्या रस्त्याला वारा समोरून येत होता, आणि तिची नजर सवयीने खाचरात गेली.

मोकळी जागा भरली होती. बा, आई, आणि मध्ये जीन्स घातलेला, मान खाली घालून बसलेला एक रुंद खांद्यांचा मुलगा. तोही पेंढ्याचाच होता. या वेळी ती बांधावरून नीट उतरून गेली आणि हात लावून खात्री केली. त्याच्या पाठीवरचा चिखल अजून ओला होता. मग तिला दिसलं की हिरवा कुर्ता नाही. तिचं बुजगावणं कोणीतरी उचलून नेलं होतं. बाकीचे तिघे थोडे थोडे सरकवले होते, ताट नव्या जागी मांडलं होतं, आणि तिघांच्या मध्ये पुन्हा एक अंगण उरलं होतं.

पोरगा आला, आता हा खेळ संपला, म्हणून काढलं असेल, असं तिने मनाशी म्हटलं. पण मग बाकीचे का नाही काढले, हा प्रश्न तिच्या मनाच्या दाराशी आला, आणि तिने त्याला आत घेतलं नाही. घराकडून भाताच्या वाफेचा वास येत होता. आत प्रेम होता. तिने पळायला सुरुवात केली.

दार उघडं होतं. घराला वळसा घालून अंगणात येऊन ती दम खात उभी राहिली, आणि ओरडून हाक मारणार होती, ती मारली नाही. आत ट्यूब लागली होती. बा बसला होता, आई बसली होती, आणि प्रेम बसला होता. जेवत होते, हात ताटांत होते, माना खाली. प्रेमच्या डोक्यावरचे दोन भोवरे, ज्यांवरून आई त्याला लहानपणी हट्टी म्हणायची, तिला उंबऱ्यापासून स्पष्ट दिसले. ते काही चिखलातून करता येत नाहीत. तिने एक चप्पल काढली आणि पाय आत ठेवला.

"प्रेमदादा."

कोणी मान वर केली नाही. घास घ्यायला कोणाचा हात उचलला जातो का, हे ती बघत राहिली. बाहेरचा वारा तिच्या पाठीवरून आत जात होता, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की ते गोल करून बसलेले नाहीत. तिघांचीही तोंडं दाराकडे होती. तिच्याकडे नाही, वाऱ्याकडे. त्यांच्या मध्ये एक पाट मांडला होता, पाटापुढे ताट, ताटात आत्ताच वाढलेला भात.

आपण दचकायला हवं, असं तिला वाटलं. अंग आपोआप उडायला हवं होतं. ते उडालं नाही. तिने ते दोन भोवरे बघितले, पुन्हा बघितले. वर्षभर तिला दुसरं काहीच बघायचं नव्हतं.

घरामागच्या पेंढ्याच्या उडवीत थोडं खसखसलं. मग तिकडून, ओठांतल्या ओठांत, समोर मान खाली घालून बसलेल्या बाच्या आवाजात, कोणाला तरी सांगितलेलं तिला ऐकू आलं.

"पाय टेकू दे."

रविनाने दुसरी चप्पल काढली.