संतोषने भरलेला रोल

संतोष गेल्यावर हेमा रडली नाही, याचं सोसायटीत सगळ्यांना कौतुक होतं. खंबीर आहे बाई, असं म्हणत बायका खाली उतरायच्या. हेमाला ते ऐकू यायचं आणि पटायचं नाही. खंबीर माणसाला आत काहीतरी धरून ठेवावं लागत असणार. तिच्या आत धरून ठेवण्यासारखं काही सापडतच नव्हतं. ती सकाळी बँकेत जायची, संध्याकाळी परत यायची, कुकर लावायची.

कर्वेनगरच्या त्या फ्लॅटमध्ये आता दोघीच होत्या. हेमा आणि तिच्या सासूबाई, सुशीलाबाई. त्या मूळच्या यवतमाळच्या. मुलाकडे राहायला येऊन बरीच वर्षं झाली, तरी बोलणं तिकडचंच राहिलं होतं. मुलगा गेल्यापासून तेही बंद झालं होतं. आतल्या खोलीत पडदा ओढून त्या कॉटवर बसून असत. हेमा ताट नेऊन ठेवी आणि रिकामं ताट घेऊन येई.

एका रविवारी कपाट आवरताना हेमाला संतोषचा कॅमेरा सापडला. कॉलेजात असताना त्याने बुधवार पेठेतून जुना घेतलेला, तळहातात मावेल एवढा, पण चांगला जड. जपानी बनावटीचा. भिंगाभोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक काचेची कडी होती. त्या काचेवर पडेल तो प्रकाश बघून कॅमेरा आपलं आपण ठरवायचा. त्याला सेल लागत नाही, याचा संतोषला कोण अभिमान. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो ते ऐकवायचा, आणि हेमा तेवढ्यात चहा टाकायला उठायची.

कॅमेऱ्यावरच्या छोट्या खिडकीतला आकडा अर्ध्यावर होता. म्हणजे आत रोल होता. दिवाळीच्या आधी संतोषनेच भरलेला. जानेवारीत तो गेला.

अर्धा रोल वाया कशाला घालवायचा, एवढाच विचार तिने केला. त्यात प्रेमाबिमाचा भाग नव्हता. उरलेल्या भाजीचं काहीतरी करून टाकावं, तसंच ते होतं. बँकेतून आल्यावर ती एखादा फोटो काढू लागली. ओट्यावरचा कुकर. दाराबाहेरच्या चपला. समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. भिंगाच्या फिरत्या कडीवर चित्रं होती, एक डोकं, दोन माणसं, तीन माणसं आणि डोंगर. जे जितकं लांब, तसं चित्र निवडायचं. कुकरला एक डोकं, टाकीला डोंगर. फोटो काढून झाला की मागचं दातेरी चाक अंगठ्याने फिरवायचं. ते कर्र कर्र फिरताना अंगठ्याला जे काही जाणवायचं, तेवढंच दिवसभरात जाणवायचं.

आवाज ऐकून एकदा आतून हाक आली.

"हेमा, तो कॅमेरा होय काय वं?"

"हो आई. संतोषचा."

आत कॉट करकरली. मग, "मायाबी एक काढ."

हेमा आत गेली. कॅमेरा डोळ्याला लावून तिने बटण दाबलं. बटण खाली जाईना. दिसणाऱ्या चौकटीत खालून एक लाल पट्टी वर आली.

"काय झालं?"

"उजेड कमी आहे. हा काढतच नाही मग."

"पडदा सार."

तिने पडदा सारला. तरी लाल पट्टी आलीच. सुशीलाबाई कॉटवरून कॅमेऱ्याकडे बघत राहिल्या. मग हळूहळू पाय खाली सोडून म्हणाल्या, "खुर्ची टाक ना मंग गॅलरीत. आन फणी आन मायी."

हेमाने खुर्ची टाकली. त्यांचे केस तिनेच विंचरले. इतक्या महिन्यांत त्या पहिल्यांदा उन्हात आल्या होत्या आणि डोळे बारीक करून बसल्या होत्या. उन्हात त्या फार म्हाताऱ्या दिसत होत्या.

"हास म्हनू नको," त्या म्हणाल्या.

"नाही म्हणत."

एक डोकं. खट्. लाल पट्टी आली नाही.

त्या दिवसापासून सुशीलाबाई संध्याकाळी गॅलरीत येऊन बसू लागल्या. हेमा कधी त्यांच्या हातांचा फोटो काढी, कधी पाठमोऱ्या त्यांचा. रोल संपला, तेव्हा ती बस धरून बुधवार पेठेत गेली. दगडूशेठच्या रांगेला वळसा घालून, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांमधून वाट काढत एका जुन्या जिन्याने वर. फोटो धुऊन देणाऱ्या त्या दुकानात काउंटरवर सलोनी नावाची मुलगी होती. कॉलेजातली असावी. तिने कॅमेरा घेऊन रोल मागे गुंडाळायची किल्ली फिरवली आणि तिचा चेहरा बदलला.

"मॅम, हे लूज फिरतंय. ओपन करू?"

हेमाने मान हलवली. झाकण उघडलं. फिल्मचं जिभेसारखं टोक चाकाच्या दातांवर न बसता नुसतंच आत लोंबत होतं.

"रोल कॅचच झाला नव्हता. भरताना नीट अडकवला नाही की असं होतं. नंबर पुढे जातो, पण फिल्म जागेवरच." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "इम्पॉर्टंट होते का फोटो?"

"नाही," हेमा म्हणाली.

"मी लावून देऊ परत? रोल कोराच आहे."

"नको."

बसमध्ये खिडकीशी बसून ती वाट बघत राहिली. आता तरी आतून काहीतरी येईल असं तिला वाटत होतं. डेक्कन आलं, गेलं. काही आलं नाही. मांडीवर पर्स आणि पर्समध्ये कोरा रोल.

घरी सुशीलाबाई गॅलरीतच होत्या. "आले काय फोटो?"

"आले नाहीत. संतोषने रोल नीट बसवलाच नव्हता. दिवाळीपासून एकही निघालेला नाही. त्याचे नाहीत, आपले नाहीत."

सुशीलाबाईंच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज निघाला. "त्याच्या मामाच्या लग्नातबी असंच केलं होतं त्यानं. सारं लग्न होऊन गेलं, एक फोटो नाही. विचारलं तं म्हने, पाहू नंतर."

पाहू नंतर. हेमा उभी होती तशी खाली बसली. छातीत जळजळतंय म्हणायचा. ॲसिडिटी आहे, पाहू नंतर. डॉक्टरांची वेळ तिने घेतली होती, ती त्याने पुढे ढकलली होती, पाहू नंतर.

"एक गोष्ट त्याला धड करता येऊ नये का हो आई?" तिचा आवाज चढला होता. "एक गोष्ट? मी त्याला सोमवारीच म्हटलं होतं. मी रजा टाकते म्हटलं होतं. मला म्हणाला, तू उगाच घाबरतेस. मी गप्प बसले. मला इतका राग येतोय त्याचा."

गालांवरून पाणी ओघळत होतं, हे तिला नंतर कळलं.

सुशीलाबाईंनी तिला गप्प केलं नाही. खुर्ची जरा तिच्याकडे सरकवून घेतली.

"बोल," त्या म्हणाल्या. "मायावाला रागबी होऊ दे त्यात."

हेमा बोलत राहिली. मध्येच सुशीलाबाईही बोलल्या, त्याने लहानपणी बुडवलेल्या शाळेबद्दल, न पाठवलेल्या पत्रांबद्दल. दोघींनी मिळून त्याला बरंच काही सुनावलं. मग सुशीलाबाई उठल्या, भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेल्या आणि डब्यांची झाकणं उघडून बघू लागल्या.

"ज्वारीचं पीठ कुठी ठेवते वं तू?"

हेमाने डोळे पुसले आणि सांगितलं.