टेम्पीचा उजवा हात

परीक्षेला नऊ दिवस उरले होते, तेव्हा टेम्पी स्लोन काकाच्या खेचरावरून पडली आणि उजवं मनगट मोडून बसली. तिला स्वतःला त्याचं फारसं काही वाटलं नाही. प्लास्टर जांभळ्या रंगाचं मिळालं होतं आणि सगळ्या वर्गाने त्यावर सह्या केल्या होत्या. धास्तावले ते मुख्याध्यापक टॅकेट.

पॉपॉ क्रीकच्या शाळेत पाचवीला मुलं चौदा. राज्याचा नियम असा, की शंभरातल्या पंच्याण्णवांनी तरी परीक्षेला बसायलाच हवं, नाहीतर शाळेच्या नावापुढे लाल खूण. टॅकेटनी तीनदा भागाकार करून पाहिला. चौदातलं एक पोर वजा केलं की आकडा काही केल्या त्र्याण्णवच्या वर सरकेना.

नियमांच्या जाड पुस्तकात एक वाट होती. हात मोडलेल्या मुलाला लेखनिक देता येतो. लेखनिक शाळेच्या नोकरीतला असावा, त्याने प्रशिक्षण घेतलेलं असावं, आणि तो मुलाच्या नात्यातला नसावा. हे शेवटचं कलम ज्याने राजधानीत बसून लिहिलं, तो आमच्या दरीत कधी आलेला नसणार. पाचवीच्या बाई टेम्पीची सख्खी आत्या. ग्रंथालयातल्या बाई तिच्या आईची मावसबहीण. कार्यालयातली कारकून म्हणजे टेम्पीच्या आजोबांची दुसरी बायको. बाकीचे शिक्षक त्या दिवशी आपापल्या वर्गात अडकलेले. झाडलोट करणारा होबर्ट तेवढा मोकळा होता आणि नात्यातला नव्हता, पण त्याने लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःलाही वाचता येत नसे.

उरली मेव्हिस कॉम्ब्स. शाळेची स्वयंपाकीण.

टॅकेट स्वयंपाकघरात आले तेव्हा मेव्हिस मक्याच्या पावाचं पीठ कालवत होती.

"मेव्हिस, तुझं अक्षर फार सुरेख आहे," ते म्हणाले.

"काय हवंय, रँडल?" मेव्हिसने मान वर न करता विचारलं. चारचौघांत ती त्यांना टॅकेट सर म्हणे. पण हेच टॅकेट पाचवीत असताना तिच्याच हातचं जेवलेले होते, त्यामुळे स्वयंपाकघरात ते रँडलच.

त्यांनी सगळं सांगितलं. मेव्हिसच्या अक्षराबद्दल ते खोटं बोलत नव्हते. गेली सव्वीस वर्षं जेवणघराच्या दारातल्या फळ्यावर ती रोज सकाळी त्या दिवसाचं जेवण खडूने लिहीत आली होती आणि ते वाचायला पाहुणेसुद्धा थांबत. पण परीक्षा म्हटल्यावर तिच्या हातातला चमचा थांबला.

"मी नववीत शाळा सोडलेली बाई. मला कशाला परीक्षेच्या खोलीत बसवतोस?"

"आई आजारी पडली म्हणून सोडलीस. नापास होऊन नाही."

"सुटले म्हणून आनंदच झाला होता मला."

"मेव्हिस, दुसरं कुणी नाहीये गं."

तिने हो म्हटलं.

प्रशिक्षण संगणकावर होतं, दोन तासांचं. लेखनिकाने मूल बोलेल तेच लिहायचं, शब्दशः. चूक सुधारायची नाही. पूर्णविराम, स्वल्पविराम मूल सांगेल तिथेच. नावाची अक्षरं मूल सांगेल तशीच. सुचवायचं नाही, मान हलवायची नाही, हसायचं नाही, भुवई उचलायची नाही. मुलाने काही विचारलं तर एकच वाक्य बोलायचं: 'मला त्यावर काही सांगता येत नाही, तुला जमेल तितकं चांगलं कर.' आणि पेपरात काय होतं ते मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. शेवटी वीस प्रश्नांची चाचणी. मेव्हिसचे वीसच्या वीस बरोबर आले. नवऱ्याने, एल्डनने, ते प्रमाणपत्र फ्रिजवर लावलं आणि आठवडाभर येईल त्याला दाखवलं.

परीक्षेच्या दिवशी जेवणाला थंड सँडविचं ठेवून मेव्हिस चर्चला घालायचा निळा ब्लाउज घालून आली. मुलांचे उच्चार सुधारणाऱ्या बाई त्या दिवशी दुसऱ्या शाळेत असत; त्यांची एक चिंचोळी खोली होती, ती त्यांना दिली होती. भिंतीवर अक्षरांचे तक्ते होते; नियमाप्रमाणे होबर्टने ते तपकिरी कागदाने झाकले होते आणि दारावर 'परीक्षा चालू आहे' अशी पाटी लावली होती.

टेम्पी आत आली आणि दारातच थबकली.

"मिस मेव्हिस! तुम्हाला केस आहेत!"

"आहेत तर. जाळीखाली असतात."

"केवढे लांब!"

"बस आता, माझे बाई. एकदा सुरू झालं की मला बोलता यायचं नाही."

मेव्हिसने सूचना वाचून दाखवल्या, छापल्या होत्या अगदी तशाच. मग प्रश्न. तुमच्या शाळेत एक गोष्ट बदलायची झाली तर कोणती बदलाल? का? मुख्याध्यापकांना पत्र लिहून पटवून द्या.

टेम्पीने प्रश्न ऐकला आणि तिचे डोळे चटकन मेव्हिसकडे गेले. तितक्याच चटकन ते खाली प्लास्टरवर आले. मेव्हिसने ते पाहिलं. सव्वीस वर्षं मुलांचे चेहरे ताटावरून वाचणाऱ्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

"प्रिय टॅकेट सर, स्वल्पविराम," टेम्पी म्हणाली. "मला झोपाळा बदलायचा आहे. पूर्णविराम. कारण तो जुना आहे. पूर्णविराम."

मेव्हिसने लिहिलं. टेम्पीने जीभ गालात फिरवली. "आणि तो... कुरकुरतो. पूर्णविराम."

मग ती प्लास्टरवरच्या सह्या वाचत बसली. भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकत होतं. तीन वाक्यं. ही तीच पोर, जी जेवणाच्या रांगेत उभ्या उभ्या खेचराच्या खोड्यांवर दहा मिनिटं बोलायची आणि मागच्या मुलांची ओरड झाली तरी थांबायची नाही. मेव्हिसला आतून कळत होतं की झोपाळ्याचं हिला काडीचं पडलेलं नाही. बोल गं पोरी, तिला म्हणावंसं वाटत होतं. पण तिने नजर पेन्सिलीच्या टोकावर ठेवली, तोंडावर काही उमटू नये म्हणून.

"मिस मेव्हिस," टेम्पी हळूच म्हणाली, "समजा मी काही लिहिलं, आणि ते कुणाला लागलं तर?"

मेव्हिसच्या जिभेवर शंभर उत्तरं आली.

"मला त्यावर काही सांगता येत नाही," ती म्हणाली. "तुला जमेल तितकं चांगलं कर."

"पण तुम्ही रागावणार नाही ना?"

"मला त्यावर काही सांगता येत नाही. तुला जमेल तितकं चांगलं कर."

दुसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज किंचित ओला झाला. त्याला मात्र नियमात कुठे बंदी नव्हती, निदान तिने तरी वाचली नव्हती.

टेम्पीने मोठा श्वास घेतला. "झोपाळा सगळा खोडा."

मेव्हिसने रेघ मारली.

"प्रिय टॅकेट सर, स्वल्पविराम. आपल्या जेवणातली फरसबी बदलली पाहिजे. पूर्णविराम." तिने एकदा मेव्हिसकडे पाहिलं, आणि मग धरण फुटावं तशी सुटली. "ती फरसबी पावसात राहिलेल्या लष्करी ट्रकच्या रंगाची असते. ती चमच्यात धरली की दोन्ही बाजूंनी वाकते. मी आणि माझ्या मैत्रिणीने मंगळवारी कचऱ्याचा डबा बघितला. चौदा ताटांपैकी अकरा ताटांतली फरसबी त्यात होती. म्हणजे सर, तुम्ही फरसबी मुलांना देत नाही, स्वल्पविराम, डब्याला देता."

मेव्हिसची पेन्सिल चालत होती. कान तापले होते. अकरा. तिला वाटायचं पाच-सहा असतील.

"पण यात मिस मेव्हिसचा दोष नाही," टेम्पीने सांगितलं.

पेन्सिल थांबली, कारण नाव आलं होतं आणि नावाची अक्षरं मुलानेच सांगायची होती. मेव्हिस वाट पाहत राहिली.

"एम, ए, व्ही," टेम्पी म्हणाली, आणि छताकडे बघत विचार केला. "यू, एस."

नावात 'यू' कुठेच नव्हता. तिथे 'आय' होता. अठ्ठावन्न वर्षं होता. आईने बायबलच्या पहिल्या पानावर तो लिहिला होता. मेव्हिसने ओठ घट्ट मिटले आणि आपल्या सुरेख अक्षरात, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःचं नाव चुकीचं लिहिलं.

"मिस मेव्हिस यांना स्वयंपाक येतो हे सगळ्यांना माहीत आहे," टेम्पी पुढे म्हणाली. "चर्चच्या जेवणावळीत सगळ्यात आधी त्यांचंच पातेलं संपतं. माझे आजोबा पहिले जाऊन उभे राहतात आणि आजी त्यांना ओरडते. तेव्हा सर, कुणीतरी मिस मेव्हिसना शाळेत नीट स्वयंपाक करू देत नाहीये. तुम्ही त्या माणसाला शोधून काढा. त्याला सांगा की त्यांना करू दे. तुमची नम्र, टेम्परन्स स्लोन."

आणखी दोन पानं झाली होती. मेव्हिसने सगळं पाकिटात घातलं, चिकटवलं, सही केली. टेम्पी तिच्याकडे बघत होती.

"वेळ संपली," मेव्हिस म्हणाली. तेवढंच बोलायची मुभा होती.

बाहेर टॅकेट येरझाऱ्या घालत होते. "कसं झालं? काय लिहिलं तिने?"

"शपथ तुम्हीच घातलीत, सर."

"अगं, ढोबळ सांग."

"ढोबळसुद्धा नाही."

रात्रीच्या जेवणाला एल्डननेही विचारून पाहिलं आणि त्यालाही तेच उत्तर मिळालं. पण मेव्हिसच्या डोक्यात एकच वाक्य घोळत होतं. 'त्या माणसाला शोधून काढा.' तो माणूस शोधायला लांब जायला नको होतं. बारा वर्षांपूर्वी जिल्ह्याकडून कागद आला होता, मीठ कमी करा, चरबी नको. खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा फरसबीत घालता येणार नाही म्हटल्यावर मेव्हिस चिडली होती. जा, मग मी करतच नाही, म्हणून तिने फरसबीचे बंद डबे उघडून नुसते गरम करायला सुरुवात केली. राग कधीच निवला, पण डबे राहिले. तिला कुणीच अडवलं नव्हतं.

उद्याच फरसबी बदलावी, असं तिला वाटलं. आणि लगेच भीतीही वाटली. पेपरातलं कळलं म्हणून बदलली, तर ते पेपर फोडल्यासारखं नाही का? सकाळी तिने जिल्ह्याच्या परीक्षा अधिकारी नोबलबाईंना फोन लावला.

"बाई, समजा हं, नुसतं समजा. लेखनिकाला पेपर लिहिताना कळलं, की आपण काहीतरी बिघडवतोय. ते त्याने दुरुस्त केलं तर चालतं का?"

पलीकडे बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज आला.

"पेपराबद्दल कुणाशी बोललात?"

"देवाशपथ नाही."

"बोलायचं नाही, लिहायचं नाही, फोटो काढायचा नाही," नोबलबाई वाचत होत्या. "करण्याबद्दल इथे काही दिसत नाही. काय दुरुस्त करायचंय म्हणालात?"

"ते सांगता येत नाही, बाई."

नोबलबाई हसल्या. "मग करा जे करायचंय ते."

त्या गुरुवारी मेव्हिस पहाटेच आली. कांदा बारीक चिरला, लसूण ठेचला, छोटे बटाटे सोलले. फरसबी मंद आचेवर तीन तास ठेवली, मीठ जिल्ह्याच्या कागदात लिहिलं होतं तेवढंच, आणि शेवटी व्हिनेगरचा एक हबका. दहा वाजता होबर्ट वासाने दारात येऊन उभा राहिला आणि विचारू लागला, कुणी वारलंय का, म्हणजे जेवणावळ आहे का.

पाचवीची रांग आली. मुलं ताटं घेऊन बसली, आणि मेव्हिस काउंटरवरून मान उंच करून बघत राहिली. पहिल्या टेबलावर ताटं पुसल्यासारखी झाली. दुसऱ्यावर एक मुलगा शेजारणीच्या ताटातल्या शेंगा पळवत होता. कचऱ्याच्या डब्यात तिने स्वतः डोकावून पाहिलं. दोन ताटांची होती फक्त.

त्यातलं एक टेम्पीचं.

टेम्पी डाव्या हाताने ताट ठेवायला आली तेव्हा मेव्हिसला राहवलं नाही. पेपराबद्दल बोलायची बंदी होती, ताटाबद्दल नव्हती.

"का गं? फरसबी टाकलीस?"

टेम्पी कानापर्यंत लाल झाली. "छान झाली होती, मिस मेव्हिस. सगळे म्हणत होते." तिने बुटाने फरशी घासली. "मला ना, फरसबी मुळी आवडतच नाही. कसलीच. चर्चमधलीपण नाही."

मेव्हिस तिच्याकडे बघत राहिली. दोन पानं, कचऱ्याच्या डब्याची मोजणी, लष्करी ट्रक, आजोबा. आणि हे. तिला हसू फुटलं ते आवरेना; काउंटरला धरून ती इतकी हसली की केसांची जाळी एका कानावरून निसटली. टेम्पी आधी घाबरली आणि मग तीही हसायला लागली.

"मग खातेस काय तू, भवाने?"

"मक्याचा पाव. दोन द्याल?"

दोन दिले. नियमाप्रमाणे एकच द्यायचा होता.

निकाल सप्टेंबरच्या अखेरीला आले. तोवर टेम्पी गावातल्या मोठ्या शाळेत गेली होती. तिची आत्या, पाचवीच्या बाई, जेवणाच्या सुट्टीआधी काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाली, "तुला सांगायचं की नाही ते मला माहीत नाही, पण लेखनात आमच्या टेम्पीला सगळ्यात वरची श्रेणी मिळाली. सगळ्या शाळेत तिला एकटीला. काय लिहिलं होतं गं तिने एवढं?"

"बरं झालं," मेव्हिस म्हणाली. "पोरीचं बरं झालं."

आणि लोणी आणायचंय असं काहीतरी पुटपुटत ती शीतगृहात शिरली. दुधाच्या क्रेटांमध्ये उभी राहून तिने ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि चेहरा चारचौघांत दाखवण्याजोगा होईपर्यंत तिथेच थांबली. बाहेर पहिलीची पोरं रांगेत ढकलाढकली करत होती. ती लोणी घेऊन बाहेर आली आणि वाढायला लागली.