बारकीचं आजारपण

भात झोडून झालं आणि बारकीने अंथरूण धरलं. नवरा, हाल्या, उन्हाळ्यातच गेला होता. तेव्हा ती रडली नाही, मुकाट कामाला लागली. आता मात्र उठावंसं वाटेना, भाकर घशाखाली उतरेना.

"वय झालं, असंच व्हायचं," मुलगा चिमण अंगणात म्हणाला.

"येडी झाली म्हातारी. भगताला दाखव," शेजारची सोमी म्हणाली.

कुडाच्या भिंतीआड बारकीला सगळं ऐकू येत होतं.

तेवढ्यात सून रविना आत आली, जवळ बसली. "आई, डहाणूला डॉक्टरकडे जाऊ या का?"

कितीतरी दिवसांत बारकीला कुणी काही विचारलं नव्हतं. तिने मान डोलावली.

आपल्या गावाहून, गंजाडहून, दोघी टमटमने डहाणूला गेल्या. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने रविनाकडेच बघून विचारलं, "म्हातारी जेवते का? झोपते का?"

"आई इथंच बसल्यात," रविना म्हणाली. "त्यांनाच विचारा ना."

डॉक्टर ओशाळला. खुर्ची बारकीसमोर ओढून म्हणाला, "आजी, काय होतंय तुम्हाला?"

बारकी पदराचं टोक पिळत राहिली. तो थांबला.

"रात सरत नाही," ती शेवटी म्हणाली. "आणि उजाडलं की वाटतं, कशाला उजाडलं."

"हे वेड नाही, आजी. मन आजारी पडलंय. कुठल्याही वयात पडतं, आणि बरं होतं."

गोळ्यांनी लगेच काही गुण आला नाही. एखाद्या दिवशी बारकी ताट तसंच सारायची. रविना रागवायची नाही, नुसती शेजारी बसायची. अशाच एका संध्याकाळी बारकी हाल्याबद्दल बोलायला लागली आणि बोलता बोलता पोटभर रडली. दारात उभा असलेला चिमण आत येऊन तिच्या पायाशी बसला.

होळीच्या सुमारास ती वालाच्या शेंगा तोडायला बाहेर पडली. सोमीने हटकलं, "झालीस का शहाणी?"

"आजारी होते," बारकी म्हणाली. "येडी नव्हते."

सोमी घुटमळली. मग हळूच म्हणाली, "आमचे हे पण कोपरा धरून बसतात गं. मी आपली त्यांनाच बोलत राहते."

"मी सोमवारी गोळ्या आणायला जाणार आहे. सुक्याभाऊंना विचार, येतात का."

सोमवारी सुक्या आला. शर्टाची बटणं वरखाली लागली होती, नजर खाली होती. बारकी टमटममध्ये आत सरकली आणि त्याला जागा करून दिली.