अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई

जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या त्या ऑफिसातली रीतच अशी, की निरोप घेणाऱ्यानंच केक आणायचा. नोकरी तुमची जाणार आणि वर सगळ्यांचं तोंड गोडही तुम्हीच करायचं! हालिनानं खसखशीचा केक आणला होता आणि यशपालच्या घशाखाली तो उतरत नव्हता.

छापायच्या मजकुराच्या ओळी नीट तोडणारं सॉफ्टवेअर ती छोटी कंपनी बनवायची. त्यातलं पोलिश भाषेचं काम दोघांकडे होतं. भाषा हालिनाची, प्रोग्राम यशपालचा. पोलिश विशेषणं म्हणजे मालगाडी. 'सत्त्याऐंशी वर्षांची' एवढं सगळं एकाच शब्दात! ओळीत मावला नाही तर तोडायचा कुठे? "आधी सांधा शोध," हालिना टेबलावर बोटं आपटत सांगायची, "शब्द जिथे जोडलेत तिथे. मग बाकीचे तुकडे." उदाहरणाला कायम तिची आई, सत्त्याऐंशी वर्षांची. म्हातारी तिच्याच घरी, तिच्याच पगारावर राहत होती.

दोघांचीही कंत्राटं संपत आली, तेव्हा बॉसनं यशपालला एकट्याला गाठलं. कायम एकालाच करणार होते. "आल्झो, तर मग आता हालिनाची गरज आहे का?"

दोन स्वर शेजारी आले की प्रोग्राम गडबडतो, हे यशपालला पक्कं ठाऊक होतं. पण नोकरी कायम झाली की बायकोला, कीर्तीला, नागपूरहून आणता येणार होतं. तो म्हणाला, "नाही. सगळे नियम आत आलेत." तेव्हापासून सकाळी पंचशील म्हणताना, खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाशी त्याचा आवाज अडखळायला लागला. स्वतःची लाज वाटायची, तरी तोंड काही उघडलं नाही.

"हालिना, जाता जाता एक शब्द दे," बॉस केक खात म्हणाला. "बघू यशपालची करामत."

"आई काल अठ्ठ्याऐंशीची झाली," असं म्हणत तिनं शब्द टाइप केला.

पोलिशमधल्या अठ्ठ्याऐंशीत नेमका सांध्यावरच 'ओ'ला 'ओ' भिडतो. शब्द तुटला आणि पुढच्या शब्दाचा 'ओ' मागच्याच ओळीत अडकला.

खोलीत पोलिश येणारी ती एकटीच. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग यशपालच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे. तिच्या सगळं लक्षात आलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. यशपालला राहवेना. "चुकलंय!" तो मोठ्यानं म्हणाला. "मी खोटं बोललो होतो. आपल्याला हालिना हवी आहे."

बॉसनं हालिनाकडे पाहिलं. ती हसली. "पोलिश कुणाची मातृभाषा, याची की माझी?"

सगळे खदखदून हसले. बॉसनं यशपालच्या पाठीवर थाप मारली. काय भला माणूस, बॉसला वाटलं. हालिनानं केकचा मोठा तुकडा कापून यशपालच्या ताटलीत ठेवला.

"खा," ती हळूच म्हणाली. "आणि कीर्तीला आता लवकर बोलावून घे."

सगळ्यांसमोर त्याला तो संपवावा लागला.