हिरव्या पट्टीचे लाड

संस्थेतल्या उंदरांची बडदास्त जावयाला हेवा वाटावा अशी होती. त्यांच्या खोलीत बाराही महिने सारखाच गारवा, बारा तास उजेड, बारा तास अंधार. पाणी गाळलेलं, भुसा वाफेवर निर्जंतुक केलेला. तिथं कुणी आवाज चढवायचा नाही, अत्तर लावून यायचं नाही. हे सगळं डोळ्यांत तेल घालून सांभाळणाऱ्या माणसाला सारी संस्था उंदीरमामा म्हणायची. मामांच्या स्वतःच्या घरात एक पंखा होता, आणि तो त्याच्या मनात आलं तर फिरायचा.

एका नियमावर मामांचा विशेष जीव होता. उंदीर पिंजऱ्यात एकटा ठेवायचा नाही. एखादा मारकुटा निघाला आणि वेगळा काढावाच लागला, तर पिंजऱ्यावर लाल चिठ्ठी लावायची आणि तिच्यावर एकटं ठेवण्याचं कारण लिहायचं. नुसतं ‘भांडखोर’ लिहून भागत नसे. किती दिवस एकटा राहणार, त्याचं मन रमावं म्हणून काय सोय केली, सगळं लिहावं लागे. तपासणीला येणारी मंडळी आधी लाल चिठ्ठ्याच बघत. मामांच्या चिठ्ठ्यांत त्यांना आजवर खोट सापडली नव्हती.

घरी मामांची थोरली बहीण होती. आईवडील लवकर गेले, तेव्हा लोकांच्या कपड्यांना काजंबटणं करून तिनंच मामांना वाढवलं. चार वर्षांपूर्वी तिला कंपवातानं गाठलं. आता सुईत दोरा ओवणं सोडाच, भरलेला कप तोंडापर्यंत पोचेतो निम्मा होई. मामा सकाळी आठला बाहेर पडत आणि संध्याकाळी सातला परतत. मधल्या वेळात ताई, झाकून ठेवलेलं जेवण आणि समोरच्या इमारतीची मागची भिंत. जिभेला मात्र कंप नव्हता.

ज्या खोलीत मामा काम करत, तिथं नेमकं याच रोगाचं औषध तपासलं जात होतं. त्यामुळे ताईचा सगळा जीव उंदरांत गुंतलेला. शुक्रवारी मामा घरात पाऊल टाकतात न टाकतात तोच ती विचारी, आज दांडीवर कोण किती टिकलं? दर शुक्रवारी उंदरांना एका फिरत्या दांडीवर ठेवून ते किती वेळात पडतात ते मोजत असत. मामा आकडे सांगत. ताई ते मनातल्या मनात घोळवत झोपी जाई.

हा रोग मुद्दाम जडवलेल्या उंदरांपैकी निम्म्यांना औषध टोचत होते, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. एका गटाच्या पिंजऱ्यांवर हिरवी पट्टी, दुसऱ्याच्या पिवळी. कोणती पट्टी कशाची, ते एका बंद पाकिटात कुलपाआड होतं. कामाच्या प्रमुख असलेल्या मॅडमनाही ते ठाऊक नव्हतं. मामांना मात्र हे काही पटेना. आठ वर्षं ज्या बाईनं या औषधापायी घालवली, तिला माहीत नसेल? त्यांनी मॅडमवर नजर ठेवली. मॅडम रोज आत आल्या की आधी हिरव्या पिंजऱ्यांपाशी थांबत, हात चोळत, जरा वेळ बघत राहत. मामांनी ओळखलं. औषध हिरव्यांना.

मग काय, हिरव्यांची चंगळ सुरू झाली. घरटं करायला कागदाच्या पट्ट्या सगळ्यांना चार, हिरव्यांना आठ. लपायला पुठ्ठ्याची नळी फक्त हिरव्यांना. एकेकाला ओंजळीत घेऊन मामा पाच-पाच मिनिटं बसत, बरे व्हा रे बाबांनो, म्हणत. यात लबाडी आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. औषधाला थोडा हातभार लागला तर कुणाचं काय बिघडणार होतं?

सहा महिन्यांनी पाकीट उघडलं. औषध पिवळ्यांना होतं. हिरव्यांना मिठाचं पाणी.

दोन्ही गट दांडीवर सारखेच टिकले होते. म्हणजे औषध आणि मिठाचं पाणी एकाच लायकीचं ठरलं. मॅडमनी काम बंद करण्याचा अहवाल लिहायला घेतला. मामांच्या पायांखालची जमीन सरकली. बोलावं तर नोकरीवर गदा, आणि न बोलावं तर ताईचं औषध आपल्याच हातानं कचऱ्यात. दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. घरी ताईनं आकडे विचारले, तेव्हा या शुक्रवारी मोजलेच नाहीत, असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली. तिच्याशी ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले.

तिसऱ्या दिवशी ते मॅडमसमोर जाऊन उभे राहिले.

“मॅडम, ते अहवालाचं थांबवा. हिरवे मिठाच्या पाण्यानं टिकले नाहीत. मी टिकवले.”

मग पट्ट्या, नळ्या, ओंजळ, घरी ताईचा कंपवात, सगळं सांगून टाकलं. मॅडम आधी पांढऱ्या पडल्या, मग लाल झाल्या. हिरव्यांनाच का, असं त्यांनी विचारलं. तुम्ही रोज आधी तिथंच थांबत होता, मामा म्हणाले. मॅडमनी कपाळाला हात लावला. एवढ्या खोलीत तेवढ्याच जागी एसीचा वारा अंगावर येत नव्हता, म्हणून त्या तिथं थांबत होत्या.

मग मॅडमनी वही ओढली आणि मामांनी काय काय केलं ते एकेक करून लिहून घेतलं. नवे उंदीर तयार करण्यापासून सगळा प्रयोग आता पहिल्यापासून करायचा होता, त्यात वर्ष जाणार होतं. शिक्षा म्हणून मामांना त्या खोलीची बंदी झाली. त्यांनी यापुढे सकाळी सहा ते अकरा फक्त रिकामे पिंजरे धुवायचे. मामा वळले, तेव्हा मॅडमनी सहज विचारावं तसं विचारलं,

“घरी ताईंजवळ दिवसभर कोण असतं?”

“कुणी नाही,” मामा म्हणाले, आणि लाल चिठ्ठ्या लिहिणाऱ्या त्या माणसाला त्यापुढे कारण म्हणून काय सांगावं ते सुचेना. त्यांना स्वतःची लाज वाटली.

नव्या पाळीच्या पहिल्या दिवशी ते साडेअकरालाच घरी पोचले. ताई भिंतीकडे तोंड करून बसली होती. दार वाजलं तशी दचकली.

“आत्ता कसा? काढलं का तुला?”

मामांनी तिच्याशेजारी बसून सगळं खरं सांगितलं. पिवळ्यांचं, हिरव्यांचं, औषधाला आता आणखी वर्ष लागेल तेही. आता आपली खरडपट्टी निघणार अशा तयारीनं ते मान खाली घालून बसले. ताईनं आपला थरथरता हात त्यांच्या हातावर ठेवला.

“म्हणजे रोज या वेळेला घरी येणार तू?”

“हो. वर्षभर तरी हीच शिक्षा आहे.”

ताईनं जरा विचार केला.

“वाढवून मिळते का बघ,” ती म्हणाली.