वरच्या मजल्याचं वेगळं दार

आमच्या गल्लीत त्या हिवाळ्यात जवळजवळ प्रत्येक अंगणात दोन पाट्या होत्या. एकीवर लिहिलेलं, ‘इथे सर्वांचं स्वागत आहे.’ दुसरीवर, ‘गल्ली वाचवा. एका घरात एकच कुटुंब.’ मिनेसोटात बर्फ चढू लागला की पहिली पाटी बुडायची आणि दुसरी जरा उंच असल्यामुळे दिसत राहायची. यात कुणाचा काही हेतू नव्हता.

झालं होतं असं की शहराने जुना नियम बदलायला काढला होता. एका प्लॉटवर एक घर आणि त्यात एक कुटुंब, हा तो नियम. आता त्याच जागेत तीन कुटुंबांची सोय करता येणार होती, म्हणजे शाळेतल्या बाई, बसचे ड्रायव्हर, दवाखान्यातल्या नर्स यांनाही इथलं भाडं झेपलं असतं. आमच्या गल्लीला नर्सबद्दल अतिशय आदर. ती रोज इतक्या लांबून येते, याबद्दल तर विशेषच.

विरोध समितीचा अध्यक्ष रॉयस एंगेब्रेट्सन. आयुष्यभर विमा विकल्यामुळे न घडलेल्या संकटांचं त्याला तपशीलवार ज्ञान होतं. समितीच्या बैठका मात्र आर्डिस टोलेफ्सरूडकडे व्हायच्या, कारण तिची बैठकीची खोली मोठी आणि लिंबाच्या वड्या उत्तम.

आर्डिस ऐंशीच्या घरातली, विधवा. वरच्या मजल्यावर चार खोल्या आणि गुडघ्यांत तिथवर जाण्याची ताकद नाही. पानगळीपासून ती खाली सोफ्यावर झोपत होती. वर स्वयंपाकघर आणि वेगळं दार करून तो मजला भाड्याने द्यावा, त्या पैशात घर सांभाळावं आणि इथेच राहावं, एवढीच तिची इच्छा. पण नियम आडवा येत होता. तो बदलला नाही तर उन्हाळ्यात घर विकून तिला मुलाकडे ॲरिझोनाला जावं लागणार होतं. हे मला ठाऊक होतं, कारण तिची पांघरुणं वरून खाली मीच आणली होती. समितीला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता आपली अडचण सांगणं आमच्याकडे उद्धटपणात मोडतं.

शेवटच्या बैठकीत रॉयसने जाहीर केलं की जनसुनावणीत आपल्या बाजूने आर्डिस बोलेल. म्हातारी बाई, आयुष्य या घरात गेलेलं, नगरसेवक विरघळतील.  आर्डिसने वड्यांचा ट्रे फिरवला.

ट्रेमध्ये शेवटची वडी उरली. शेवटची वडी अख्खी उचलणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचाय. रॉयसने सुरीने तिचे दोन तुकडे केले आणि एक घेतला. शेजारच्याने उरलेल्याचा अर्धा घेतला. मग त्याच्या शेजारणीने त्याचाही अर्धा. नखाएवढा तुकडा राहिला, तरी सुरी फिरतच होती.

आर्डिस ते बघत होती. बघता बघता म्हणाली, “रॉयस, मला माझं घर असंच अर्धं करायचंय.”

सुरी थांबली.

“वर कुणीतरी राहील, खाली मी राहीन,” ती म्हणाली. “नाहीतर मला जावं लागेल. सुनावणीत मी हेच बोलणार. तुम्हाला आधी सांगितलेलं बरं, म्हणून सांगितलं.”

 अखेर रॉयसने त्याला सुचण्यासारखा एकच प्रश्न विचारला. “आणि त्यांची गाडी कुठे लागणार?”

“माझ्या जागेत लावू देत. मी कुठे चालवतेय आता?”

सुनावणीच्या दिवशी बर्फ पडत होता. आर्डिसला न्यायचं रॉयसने आधीच कबूल केलेलं, आणि मतं जुळली नाहीत म्हणून शब्द मोडायची आमच्यात पद्धत नाही. त्यामुळे बदलाचा विरोधक आणि समर्थक एकाच गाडीतून गेले. मी मागे बसलो होतो. जाताना दोघं फक्त हवामानावर बोलले आणि पूर्ण एकमत झालं.

प्रत्येकाला दोन मिनिटं होती. रॉयसची जवळजवळ सगळी पार्किंगवर बोलण्यात गेली. आर्डिसने निम्मीही वापरली नाहीत. मला गल्ली सोडायची नाही, ती म्हणाली, आणि गल्लीत माझ्या मापाची जागा नाही. मग खाली बसली.

परतल्यावर रॉयसने तिला दंडाला धरून निसरड्या पायऱ्या चढवल्या. आत सोफ्यावर उशी होती, पांघरूण होतं, शेजारी स्टुलावर औषधं आणि पाण्याचा पेला. बैठकीच्या दिवशी ती हे सगळं कपाटात कोंबायची. रॉयस टोपी हातात घेऊन उभा राहिला.

“घर पाडणार कधी?” त्याने विचारलं.

“पाडायचं कशाला? बाजूने एक जिना आणि वर एक दार.”

“एवढंच?”

“एवढंच रे.”

“मग आधी सांगायचंस ना.”

“तू बोलू देतोस होय कुणाला?”

वसंतात नियम बदलायचा ठराव मंजूर झाला. रॉयसने विरोधातली पाटी काढली नाही. जमीन अजून गोठलेली आहे, पाटी उपटत नाही, असं तो जूनपर्यंत सांगत होता. आर्डिसकडे सुतार आले, जिना झाला, दार झालं. त्या दाराला रंग कोणता शोभेल, यावर गल्लीत समिती नेमली गेली. अध्यक्ष रॉयस.

वर आता दवाखान्यातली एक नर्स तिच्या मुलीसह राहते. मुलगी दिवसभर नाचते आणि आर्डिसच्या डोक्यावर छत थडथडतं. परवा मी विचारलं, त्रास होत नाही का. होतो की, ती म्हणाली. पण तक्रार घरमालकिणीकडे करायची असते, आणि ती बाई काही ऐकून घेत नाही.