सरळ रस्त्यावर उलटी गाडी

एकोणऐंशीव्या वर्षी परीक्षा, आणि तीही पोटच्या पोरापुढे. पण एलुनेदबाईंनी पैज कबूल केली होती. वेल्सच्या डोंगरातली तीन रोमन ठिकाणं एका दिवसात बघायची आणि गाडी त्यांनीच चालवायची. लेकाला, इएस्तिनला, एकदा जरी स्टिअरिंग हातात घ्यावं लागलं, तर किल्ली कायमची त्याच्याकडे. किल्ली गेली की डोंगरावरचं घरही गेलंच, कारण तिथे बस फिरकत नाही. मग लेकाच्या कार्डिफ शहरातल्या फ्लॅटमध्ये खिडकीतून पार्किंग बघत बसा! नुसत्या विचारानेच बाईंचा जीव गुदमरायचा.

सकाळी किल्ल्याचा पडका दरवाजा झाला. दुपारी रोमन शिपायांचं न्हाणीघर झालं, थर्मासमधला चहा आणि बेदाण्याचा केक झाला. इएस्तिन सारखा पाय दाबत होता, जसा काही ब्रेक त्याच्याच बाजूला आहे. पत्र्याला भोक पडेल, जरा दमानं घे, असं बाईंनी त्याला दोनदा सुनावलं.

तिसरी जागा माथ्यावर. वर जाणारा रस्ता रोमनांनीच आखलेला, आता त्यावर डांबर, जेमतेम एका गाडीपुरता, दोन्हीकडे दगडी गडगे. अर्ध्या चढावर समोरून ट्रॅक्टर आला, मागे मेंढ्यांनी खच्चून भरलेला ट्रेलर. बाजू द्यायची जागा ज्याला जवळ, त्याने मागे जायचं, हा तिकडचा रिवाज. ती जागा बाईंच्या मागे होती, चांगली तीनशे पावलं उतारावर.

इएस्तिनने पट्टा सोडला. "आई, उतर. हे तुझं काम नाही."

"पट्टा लाव," बाई म्हणाल्या. "आणि डोकं खाली घे, मागचं दिसत नाही मला."

 त्याच्या सीटमागे हात टाकून त्यांनी मान वळवली. रोमन म्हणजे नाकासमोर चालणारी माणसं, रस्त्याला वळण म्हणून नाही. गाडी सुतात मागे निघाली. आरसा कुठे घासला नाही, इंजिन कुठे अडखळलं नाही. शेवटी चाक जरासं फिरवलं आणि गाडी गवतातल्या मोकळ्या जागेत अलगद शिरली.

ट्रॅक्टरवाला म्हातारा शेजारी थांबला. इथे निम्मी माणसं रडकुंडीला येऊन गाडी त्याच्याच हाती देतात, असं त्याने सांगितलं, टोपी उचलली आणि गेला.

माथ्यावर रोमन छावणीचं उरलं होतं काय, तर गवताळ बांध आणि लेंड्या. त्या बांधावर बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. खाली अख्खी दरी होती आणि त्यांना इतका आनंद झाला होता, की वारा झोंबतोय हेसुद्धा कळलं नाही.

"जिंकलीस तू," इएस्तिन म्हणाला. मग बुटाने गवत उकरू लागला. "आई, मी गावातच गाडी लावून दोन मैल चालत तुझ्याकडे का येतो, ठाऊक आहे?"

"व्यायाम म्हणतोस ना?"

"कसला व्यायाम. समोरून कोणी आलं तर मला गाडी मागे घेता येत नाही. मघाशी तुला उतर म्हणालो, तेही त्या ट्रॅक्टरवाल्यालाच बोलावणार होतो म्हणून."

बाई हसल्या नाहीत. हसू गिळताना डोळ्यांत पाणी आलं, एवढंच.

"उतरताना तू चालव," त्या म्हणाल्या. "कोणी आलं तर भिऊ नकोस. मी आहे शेजारी."